लाइट चालू ठेवून जुनं सबस्टेशन नव्यानं कसं उभारायचं

बडोद्याच्या कारेलीबागेत एखाद्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनवर, झाडाची फांदी पडली, तर त्या फीडरवरच्या घरांची लाइट जाणारच. ती टाळायची तर झाडं वेळेवर छाटायला हवीत. पण त्याच फांदीपायी शेजारचे सगळे फीडर बंद पडले, अर्धा भाग अंधारात गेला, तर दोष सबस्टेशनच्या आत आहे. दोष तोडायचं काम ज्या ब्रेकरचं (आपोआप उघडून वीज तोडणाऱ्या स्विचचं) होतं त्यानं ते केलं नाही, म्हणून मागच्या ब्रेकरला सगळंच बंद करावं लागलं. जुनं सबस्टेशन नव्यानं उभारायचं ते मुख्यतः हे थांबवण्यासाठी.

हा लेख बडोद्यातल्या ६६/११ केव्ही सबस्टेशनचा विचार करून लिहिला आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते अशा कामावर पहिल्यांदाच जाणारे तरुण इंजिनियर आणि कंत्राटदाराकडचे सुपरवायझर. गुजरातेत ६६ केव्ही आणि त्यावरची यंत्रणा गेटकोची, म्हणजे राज्याच्या पारेषण कंपनीची. ११ केव्हीचे फीडर आपल्याकडे मध्य गुजरात वीज कंपनीचे. म्हणजे एकाच कुंपणाशी दोन कंपन्यांची हद्द येते, आणि कामाचा निम्मा खोळंबा तिथेच होतो. पहिल्या बैठकीपासून दोघांचे अधिकारी एका टेबलाशी बसवा.

जाणकारांची आपल्या गावाला वानवा नाही. गेटकोचं मुख्यालय रेसकोर्सला, विजेच्या यंत्रांच्या तपासणीसाठी इर्डा ही संस्था मकरपुऱ्याला, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर बनवणारे कारखाने आसपास. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, तेव्हापासून तंत्रशिक्षण इथे रुजलेलं. तरीही अशी कामं रखडतात ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा क्रमावर जास्त लिहिलं आहे.

आधी ट्रिपिंगचं रजिस्टर वाचा

कंट्रोल रूममधलं मागच्या तीन वर्षांचं रजिस्टर घ्या आणि प्रत्येक ट्रिपिंगपुढे, म्हणजे ब्रेकर उघडून लाइट गेल्याच्या नोंदीपुढे, चार गोष्टी लिहा: दोष कुठे होता, कोणता रिले (दोष ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणारं यंत्र) चालला, कोणता ब्रेकर उघडला, लाइट किती वेळानं आली. नोंदी त्रोटक असतील तर ऑपरेटरांशी बोला. रात्रपाळीला वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला कोणता ब्रेकर पावसाळ्यात अडतो हे तोंडपाठ असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग नोंदींचे दोन गठ्ठे करा. फीडरचा दोष फीडरच्याच ब्रेकरनं तोडला, तो पहिला. फीडरचा दोष इनकमरपर्यंत (ट्रान्सफॉर्मरकडून वीज आणणाऱ्या ब्रेकरपर्यंत) किंवा ६६ केव्हीपर्यंत गेला, तो दुसरा. सैफी म्हणजे एका ग्राहकाची लाइट वर्षात सरासरी किती वेळा गेली, आणि सैदी म्हणजे एकूण किती वेळ गेली. पहिल्या गठ्ठ्यामुळे वाढलेली सैफी सबस्टेशन बदलून कमी होत नाही. तिथे कंडक्टर, इन्सुलेटर, केबल जॉइंट आणि झाडं यांवरच काम करावं लागतं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या घटना मोजक्या असतात, पण प्रत्येकीत हजारो घरं एकदम अंधारात जातात. तुमच्या प्रकल्पाचा खर्च या दुसऱ्या गठ्ठ्यावर व्हायला हवा. मंजुरीच्या कागदात हे स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे कुणी भलत्याच आकड्यांवर तुमच्या कामाचं माप काढणार नाही.

यंत्रांची तब्येत तपासा, सुरुवात बॅटरीपासून

सगळ्यांची नजर आधी ट्रान्सफॉर्मरकडे जाते, कारण ते सगळ्यांत मोठं आणि महाग. मी आधी बॅटरी रूमचं दार उघडतो.

११० व्होल्ट डीसीची बॅटरी म्हणजे २ व्होल्टचे ५५ सेल. चार्जर चालू असताना पॅनेलवरचा मीटर नेहमीच ठीकठाक आकडा दाखवतो, आणि बॅटरी मेली असली तरी तो तसाच दिसतो. पण सबस्टेशनजवळ मोठा दोष झाला की त्याच क्षणी स्टेशनचा एसी पुरवठा बसतो, चार्जर कोलमडतो आणि ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला फक्त बॅटरीचा आधार उरतो. रिले वेळेवर चालतो, त्याच्यावरचा खुणेचा झेंडा पडतो, पण ब्रेकर उघडत नाही. "रिले चालला, ब्रेकर चालला नाही" असे शेरे रजिस्टरमध्ये दिसले की आधी संशय इथे घ्या. तपासणी सोपी आहे. रीतसर परवानगीनं एक ब्रेकर लोडवरून मोकळा करा, चार्जर बंद करा, प्रत्येक सेलचा व्होल्टेज घ्या आणि मग ब्रेकर ट्रिप करा. त्या क्षणी डीसी किती खाली जातो ते बघा. फ्लोटवर (चार्जरला जोडलेला असताना) २.२ व्होल्ट दाखवणारा सेल लोड येताच दीडच्या खाली जातो, तेव्हा त्याचं वय कळतं. सेलच्या टोकांवर साचलेली पांढरी-निळसर पूडही बघा. तीही तेच सांगत असते.

दुसरा नंबर अर्थिंगचा. जमिनीवरची पट्टी हिरव्या रंगात नवीकोरी दिसते, म्हणून खणल्याशिवाय मत देऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपाशी एक हात खोल खड्डा घ्या. माती आणि हवा जिथे मिळतात त्या वीतभर पट्ट्यात लोखंड सगळ्यांत जास्त खाल्लं जातं. पट्टीवरचे गंजाचे पापुद्रे खरवडून व्हर्नियर लावा. १० मिमीची पट्टी ४ मिमी उरली असेल तर ती मोठ्या दोषाचा प्रवाह पेलणार नाही, वितळून तुटेल. मग यार्डात उभ्या माणसाच्या दोन पावलांमधलं व्होल्टेज जीवघेणं ठरू शकतं. ग्रिडचा रोध १ ओहमच्या आत हवा, आणि मोजणी उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना करा. पावसाळ्यातली मोजणी फसवी.

ब्रेकरचा कॉन्टॅक्ट रोध आणि उघडण्याचा वेळ मोजा. जुने कमी तेलाचे ब्रेकर असतील तर सुट्या भागांची मारामार हेच त्यांना काढायला पुरेसं कारण आहे. ११ केव्हीला आता व्हॅक्यूम, ६६ केव्हीला एसएफ-६ वायूचे. सीटी, पीटी (प्रवाह आणि व्होल्टेज मोजण्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर) आणि बुशिंगसाठी टॅन डेल्टा ही इन्सुलेशनची चाचणी. कंट्रोल केबलचं इन्सुलेशन मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रानं) तपासा. उंदरांनी कुरतडलेली केबल बाहेरून दिसत नाही.

ट्रान्सफॉर्मरबद्दल निर्णय तेल आणि कागद देतात. तेलात विरघळलेल्या वायूंच्या चाचणीत ॲसिटिलीन वाढतं दिसलं तर आत ठिणगी पडते आहे, ते यंत्र कारखान्यात धाडा. फ्युरानच्या (कागद झिजताना तेलात उतरणाऱ्या द्रव्यांच्या) चाचणीवरून वाइंडिंगच्या कागदाचा अंदाज येतो. नव्या कागदाचा पॉलिमरायझेशनचा अंक (त्याची मजबुती दाखवणारा) हजाराच्या आसपास असतो आणि २००च्या जवळ आला की कागदाचं आयुष्य संपलं. हे दोन्ही अहवाल चांगले असतील तर तीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मरही ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. गॅस्केट, ब्रीदर, तेलाचं फिल्टरिंग आणि टॅप चेंजरचं ओव्हरहॉल करा आणि वाचलेला पैसा रिले-ब्रेकरवर लावा.

लोड आणि दोषाचा प्रवाह यांचं गणित

समजा १५ एमव्हीएचे (एमव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं एकक) दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि मे महिन्यातल्या रात्रीचा कमाल लोड २१ एमव्हीए आहे. दोन्ही चालू असताना काळजी नाही. एक बंद पडला तर ६ एमव्हीए उघडे पडतात. उरलेल्यावर लोड लादला तर वाइंडिंगचा सगळ्यांत गरम बिंदू ९८ अंशांच्या वर जातो, आणि तिथून दर ६ अंशांना इन्सुलेशन झिजण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणून २० एमव्हीएचे दोन घ्यायचा प्रस्ताव येतो, आणि तो बहुधा बरोबरच असतो.

इथे एक खाच आहे. २० एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा त्याचा विरोध) १० टक्के धरला, तर ११ केव्हीच्या बसवर (सगळे फीडर जिथून निघतात त्या सामाईक पट्टीवर) त्याच्याकडून जास्तीत जास्त २०० एमव्हीएचा दोष येऊ शकतो, म्हणजे सुमारे १०.५ किलोअँपिअर. दोन समांतर चालवले तर २१. ११ केव्हीचे कित्येक जुने ब्रेकर ३५० एमव्हीएचे, म्हणजे १८.४ किलोअँपिअरचे असतात. १५-१५चे दोन असताना हाच आकडा १५.७ होता, तोवर ते ब्रेकर पुरत होते. ट्रान्सफॉर्मर बदलताच ते अपुरे पडतात, आणि अपुरा ब्रेकर मोठ्या दोषावर फुटतो. तेव्हा एकतर ब्रेकर २५ किलोअँपिअरचे घ्या, नाहीतर बस कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) उघडा ठेवून दोन्ही ट्रान्सफॉर्मर वेगवेगळ्या बसवर चालवा. दोन इनकमर आणि एक कपलर, या तिघांतले दोनच एका वेळी जोडलेले राहतील असा इंटरलॉक लावा. मी दोन्ही करायला सांगेन.

जागा आणि जोत्याची उंची

बडोद्यात ही पायरी घाईत उरकू नका. २०१९च्या ३१ जुलैला इथे एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी २६ फूट. पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद ठेवावी लागली आणि ओसरल्यावरही पॅनेल वाळवून, तपासून मगच चालू करता आले. त्या पुरात तुमच्या यार्डाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ शोधा, आसपासच्या लोकांना विचारा, लेव्हल मशीननं मोजा. नव्या कंट्रोल रूमचं जोतं, बॅटरी, ब्रेकरचे मेकॅनिझम बॉक्स आणि मार्शलिंग बॉक्स (कंट्रोल केबल एकत्र येतात त्या पेट्या) सगळे त्या रेघेच्या वर, निदान दोन फूट मोकळे राहतील असे. केबल ट्रेंच हा पाण्याचा चोरदरवाजा असतो. बाहेर जोतं उंच केलं तरी ट्रेंचमधून पाणी सरळ पॅनेलखाली येतं. भिंतीतून केबल आत येते तिथे सीलिंग करा, आणि ट्रेंचच्या सखल टोकाला पंपाचा खड्डा ठेवा.

११ केव्हीचं उघडं यार्ड काढून खोलीत ठेवायची (इनडोअर) पॅनेल बसवली तर पक्षी, खारी, पतंगाचा मांजा आणि धूळ यांचा त्रास एकदम घटतो. शहरात हेच करावं. ६६ केव्ही बाहेरच राहू द्या, पण माणसाला सुरक्षित चालता येण्यासाठी ३ मीटरचं सेक्शनल क्लिअरन्स कुठेच मोडत नाही ना ते नव्या आराखड्यावर मोजून बघा. २,००० लिटरांहून जास्त तेलाच्या ट्रान्सफॉर्मरखाली सोकपिट (सांडलेलं तेल झेलणारा खड्डा) हवाच. दोन ट्रान्सफॉर्मर जवळ असतील तर मध्ये आगरोधक भिंत बांधा. जमीन काळी असेल तर पायाचा आराखडा तज्ज्ञाकडूनच काढून घ्या. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर उभे केलेले आयसोलेटर (यंत्र लाइनपासून सुटं करणारे स्विच) वाकडे होतात.

कामाचा क्रम: निम्मं चालू, निम्मं बंद

सगळ्यांत जास्त डोकं इथे खर्च करा. सबस्टेशन महिनाभर पूर्ण बंद ठेवायची मुभा शहरात कुणी देणार नाही, आणि देऊही नये.

पहिलं काम यार्डाच्या बाहेरचं: शेजारच्या सबस्टेशनांशी ११ केव्हीचे जोड मजबूत करणं. प्रत्येक फीडरला दुसऱ्या सबस्टेशनकडून वीज देता आली पाहिजे. जिथे जोड नाही तिथे रिंग मेन युनिट (फीडर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचची पेटी) बसवा, जिथे केबल बारीक आहे तिथे बदला. मग काम सुरू होण्याआधी, भर संध्याकाळच्या लोडवर, एकेक फीडर प्रत्यक्ष दुसरीकडे वळवून बघा. कागदावर चालणारा जोड प्रत्यक्षात अडतो, आणि तो अडायचाच असेल तर आत्ता अडू दे.

दुसरं, मोकळ्या जागेत नवी कंट्रोल रूम पूर्ण करा. ११ केव्ही पॅनेल, बॅटरी, चार्जर, रिले, सगळं बसवून, तपासून तयार. तोवर जुन्या यार्डाला हात लावायचा नाही. जागाच नसेल तर कंटेनरमधलं तात्पुरतं स्विचगिअर वापरता येतं, खर्च वाढतो पण रस्ता निघतो.

तिसरं, थंडीत लोड उतरला की दुसरा ट्रान्सफॉर्मर बाजूला घ्या. पहिला आणि शेजारची सबस्टेशनं मिळून वस्ती सांभाळतील. दुसऱ्याची ११ केव्ही बाजू नव्या पॅनेलच्या अर्ध्या बसला जोडा आणि चार्ज करा. आता जुना बस आणि नवा अर्धा बस दोन्ही जिवंत आहेत. इथून एकेक फीडर हलवायचा: त्याचा लोड शेजारी वळवा, लाइन क्लिअर (बंद लाइनवर काम करायची परवानगी) घ्या, जुन्या यार्डातून सोडवा, नव्या पॅनेलपासून आणलेली केबल जोडा, तपासा, लोड परत आणा. दिवसाला एकच फीडर. दोन उरकायचा मोह होतो, पण संध्याकाळी एखादा जॉइंट फसला तर दोन वस्त्या लटकतात. सगळे फीडर नव्यावर आले की पहिला ट्रान्सफॉर्मर सोडवा, त्याचं ओव्हरहॉल किंवा बदल करा आणि नव्या बसच्या दुसऱ्या अर्ध्यावर आणा. ६६ केव्हीच्या बे (एकेका लाइनचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा यार्डातला भाग) सुद्धा अशाच एका वेळी एक.

प्रत्येक फीडर हलवल्यावर फेज जुळवणं चुकवू नका. आर-वाय-बी या तीन फेजांचा क्रम उलटला तर सोसायटीतला थ्री-फेज पंप उलटा फिरतो. त्याहून भयंकर, दुसऱ्या सबस्टेशनशी जोडताना फेज जुळत नसतील तर तो थेट शॉर्ट सर्किट. दोन्ही सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरांचे व्हेक्टर ग्रुप (वाइंडिंगच्या जोडणीची पद्धत) आधीच ताडून बघा.

आता तारखा. मोठे शटडाउन देवदिवाळीनंतर सुरू करा. नवरात्र आणि गणपतीत बडोद्यात कुणाची लाइट घालवायची नाही, हे कुणी सांगायला नको. १४ आणि १५ जानेवारी पूर्ण सोडा, आणि आदल्या-नंतरच्या दोन-तीन दिवसांत नाजूक अवस्थेत सबस्टेशन ठेवू नका. उत्तरायणात तारांवर मांजा अडकतो, पहाटेच्या दवानं भिजतो आणि फीडर एकामागून एक ट्रिप होतात. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. म्हणजे खरी संधी नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. एप्रिल उजाडेपर्यंत दोन्ही ट्रान्सफॉर्मर लोडवर हवेत.

रोजच्या शटडाउनची वेळ ठरवताना पालिकेच्या पाण्याची वेळ विचारून घ्या. पाणी आलं आणि पंपाला लाइट नाही, तर दिवसभराचं पाणी गेलं. रुग्णालयं, पाण्याचे पंपिंग स्टेशन आणि घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेले रुग्ण यांची यादी आधी करा आणि त्यांना फोन करून सांगा. वर्तमानपत्रातली नोटीस पुरत नाही. दिलेली वेळ टळत असेल तर ती टळण्याआधी कळवा.

जिवंत यार्डात काम

निम्मं यार्ड जिवंत असताना अपघाताचा धोका सर्वाधिक. लाइन क्लिअर लेखी, ज्याच्या नावे दिला त्याच्याच सहीनं परत. आयसोलेटर उघडून कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. डिटेक्टरनं तपासणी, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड. वळवलेला फीडर दुसऱ्या टोकाकडून जिवंत असतो, हे रोज सकाळी टोळीला मोठ्यानं सांगा. शेकडो वेळा काम केलेली माणसंसुद्धा इथेच दगावतात. क्रेन जिवंत बसच्या बाजूला फिरू शकणारच नाही अशी उभी करा, बूमवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस द्या, क्रेनला अर्थ करा. संध्याकाळी अंधारात उरकून टाकू म्हणणाऱ्याला थांबवा, मग तो कितीही वरिष्ठ असो.

रिले: प्रकल्पाचा खरा कस

न्यूमेरिकल (संगणकी) रिले बसवले म्हणजे संरक्षण सुधारलं असं होत नाही. जुन्या सेटिंगचा कागद जसाच्या तसा नव्या रिलेत भरला तर जुनाच आजार परत येतो. नव्या दोष-प्रवाहावर नवं गणित करा. फीडर, इनकमर, ६६ केव्ही बाजू, प्रत्येक टप्प्यात साधारण ०.३ सेकंदांचं अंतर ठेवा. फीडरच्या ब्रेकरला उघडायला वेळ मिळाला पाहिजे, तोवर इनकमरनं थांबायचं. ही अंतरं वक्रांवर काढून दोन्ही कंपन्यांच्या संरक्षण विभागांची सही घ्या. फीडर एकाचा आणि इनकमर दुसऱ्याचा असेल तर याच रेषेवर घोळ होतो.

मग प्रत्यक्ष तपासा. सेकंडरी इंजेक्शननं (रिलेतच चाचणीचा प्रवाह सोडून) रिले, प्रायमरी इंजेक्शननं (मुख्य वाहकातून प्रवाह सोडून) सीटीपासून ब्रेकरपर्यंतची सगळी साखळी. बुकोल्झ रिलेचं (ट्रान्सफॉर्मरमध्ये वायू साचला की चालणाऱ्या) बटण दाबून दोन्ही बाजूंचे ब्रेकर खरंच उघडतात ना ते डोळ्यांनी बघा. डिफरन्शियल रिलेसाठी (ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या प्रवाहांतला फरक बघणाऱ्या) सीटीची पोलॅरिटी तपासा, ती उलटी असली तर पहिल्याच लोडवर ट्रान्सफॉर्मर विनाकारण ट्रिप होतो. चालू सीटीची सेकंडरी कधीही उघडी सोडू नका.

उघड्या तारांच्या फीडरवर ऑटो-रिक्लोज (ट्रिप झालेला ब्रेकर आपोआप पुन्हा जोडणं) उपयोगी, कारण फांदी किंवा मांजा यांचे बरेच दोष क्षणिक असतात. केबलच्या फीडरवर तो लावू नये, तिथला दोष आपोआप बरा होत नाही. आणि उत्तरायणाचे दोन दिवस ऑटो-रिक्लोज सगळीकडे बंद ठेवा. तारेत अडकलेला पतंग ओढणारं पोर खाली उभं असतं.

चार्जिंग

विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि मंजुरी चार्ज करण्याआधी लागते, म्हणून अर्ज आणि चाचणी अहवाल वेळेत द्या. ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्यापूर्वी फिल्टर केलेल्या तेलाची बीडीव्ही (तेलातून ठिणगी पार होते ते व्होल्टेज) २.५ मिमी अंतरावर ६० केव्हीच्या वर हवी. तेल स्थिरावू द्या, बुकोल्झ आणि रेडिएटरमधली हवा काढा, रेशो, वाइंडिंग रोध, मेगर घ्या. मग २४ तास विनालोड. जवळ उभं राहून आवाज ऐका. त्यानंतर लोड टप्प्याटप्प्यानं.

पहिलं वर्ष

चार्ज केल्यावर महिनाभरात तेलातल्या वायूंची पुन्हा चाचणी करा, ती पुढच्या सगळ्या अहवालांची आधाररेषा ठरते. मे महिन्यात रात्री कमाल लोडवर थर्मल कॅमेऱ्यानं सगळे जोड बघा. तीन फेजांपैकी एकाचा जोड इतरांहून १०-१५ अंशांनी गरम असेल तर लगेच आवळा. रिलेत साठलेले प्रत्येक ट्रिपिंगचे रेकॉर्ड उतरवून घ्या. इनकमर एकदा जरी फीडरच्या दोषावर चालला, तरी सेटिंग पुन्हा तपासा. प्रत्यक्ष जसं बसवलं तसं ड्रॉइंग दुरुस्त करून पॅनेलच्या दारामागे लावा, आणि ऑपरेटरांना नव्या इंटरलॉकचा सराव पाळीनिहाय द्या.

काढलेलं सामान भंगारात टाकायची घाई नको. वापरलेलं ट्रान्सफॉर्मर तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. जुन्या ब्रेकरांतले चांगले कॉन्टॅक्ट, ट्रिप कॉइल आणि मेकॅनिझमचे भाग तपासून, चिठ्ठ्या लावून विभागाच्या स्टोअरमध्ये जमा करा. त्याच जातीचे ब्रेकर अजून चालवणाऱ्या सबस्टेशनांना ते भाग बाजारात मिळत नाहीत.